पाच तासांचे किती

प्रश्न असा होता. एका मजुराला आठ तासांच्या कामाचे तीनशे वीस रुपये मिळतात, तर पाच तासांच्या कामाचे किती मिळतील? खाली चार उत्तरं होती. एकशे साठ, दोनशे, दोनशे चाळीस, तीनशे वीस. त्यातल्या एकाचा गोल पेनानं काळा करायचा.

मी चौथी पास आहे. पुढची शाळा आमच्या गावात नव्हती, आणि असती तरी मला कोणी पाठवलं नसतं. पाढे तीसपर्यंत पाठ होते, अजून आहेत. त्यानंतर सगळा जन्म लोकांच्या वावरात गेला. निंदण, वेचणी, सोंगणी. मजुरीचा हिशेब आता कोणी मला शिकवावा असं मला कधी वाटलं नाही. त्या घमेंडीत आणि थोड्या भीतीत मी एक चूक केली, आणि ती माझ्या नातीला भोवली. ती कशी झाली ते लिहिते. यात माझी बाजू मांडायची नाही, कारण मला बाजू नाही.

नात माझ्या लेकीची. लेक पिपरी मेघेला राहते, पाच घरची धुणीभांडी करते. जावई आहे, पण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका खोलीत त्यांचं भागत नव्हतं, म्हणून पोरगी सहा वर्षांची असताना लेक तिला माझ्याकडे ठेवून गेली. आमचं गाव आष्टीच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. शाळा पाचवीपर्यंत. सहावीला दुसऱ्या गावी जावं लागतं. एसटी कधी येते, कधी येत नाही. आमच्या गावच्या मुली सहावीत नाव घालतात आणि दिवाळीनंतर शाळेत दिसायच्या थांबतात, पऱ्हाटीत कापूस वेचताना दिसायला लागतात. कोणी जबरदस्ती करत नाही. तसं होतं.

नात पाचवीत गेली तेव्हा शाळेतले सर एक दिवस घरी आले. तरुण माणूस, बसायला दिलेली खुर्ची नको म्हणाले आणि ओट्यावर बसले. म्हणाले, सरकारची एक निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं फुकट. जिल्ह्याची एक परीक्षा होते. जागा थोड्या, मुलं हजारानं बसतात, आणि जन्मात एकदाच बसता येतं. ही पोरगी बसवायची. मी विचारलं, लागेल का नंबर. ते म्हणाले, गणितात हिचा हात कोणी धरणार नाही.

मी लेकीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लागला नंबर तं चांगलंच हाय, माय. नाई लागला तं मी तिले इकडं घेऊन येतो. दोन घरं ती सांभाळन. मले एकटीले नाई होत आता." ती चिडून बोलली नाही. पाठीला पट्टा बांधून काम करणारी बाई जसं बोलेल तसं बोलली. म्हणजे त्या वर्षी दोनच वाटा होत्या, आणि त्या कोणत्या हे नातीलाही माहीत होतं.

सरांनी एक जाड गाईड दिलं. शाळा सुटल्यावर ते चार मुलांना एक तास जास्तीचं शिकवत. मी वावरातून आले की हातपाय धुऊन चुलीपाशी बसायची आणि ती मला एकेक उदाहरण वाचून दाखवायची. तिला मदत लागत नव्हती. मला ऐकायला बरं वाटायचं, म्हणून ती वाचायची.

त्या पुस्तकात निम्मी गणितं मजुरांची होती. कोण लिहितं कोण जाणे. बारा बाया एक वावर सहा दिवसांत निंदतात, तर अठरा बाया किती दिवसांत? ती म्हणायची, चार. सर म्हणतात चार. मी म्हणाले, चार नाही, सहाच. तिनं विचारलं, काऊन? मी सांगितलं की काम संपलं म्हणजे उद्याचा रोज गेला. बाया जास्त असल्या की हात आपोआप हळू चालतो. मालक कितीही ओरडला तरी वावर सहाच दिवस पुरतं. ती हसली. मला फार शहाणं वाटलं.

दुसऱ्या एका उदाहरणात होतं, तीन पुरुष किंवा पाच बाया एक काम बारा दिवसांत करतात. तिनं विचारलं, तीन माणसांबरोबर पाच बाया काऊन? मी म्हटलं, मजुरीवरून काढलं असेल. गड्याचा रोज पाचशे आणि बाईचा तीनशे, म्हणजे बरोबर बसतं. कामावरून काढलं असेल तर लिहिणारा कधी वावरात गेला नाही. तिनं तेच दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, परीक्षेत असं विचार करू नकोस, फक्त सोडव.

ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं. मी मात्र रोज तिला विचार करायला लावत होते. पुस्तकातल्या बाया पाणी पीत नाहीत. त्यांच्या पायात काटा जात नाही. त्यांच्यातली एकही म्हातारी नाही. असं मी म्हणायची आणि ती पेन्सिल हातात धरून ऐकत बसायची. तिचं गणित पक्कं होतं, पण माझ्यावर तिचा जास्त विश्वास होता. आईजवळ नसलेलं पोर, कोणावर तरी ठेवणारच.

आता त्या रविवारचं.

भादव्याचे दिवस होते, निंदण चालू होतं. आमच्या टोळीची एक मुकादम आहे. मालक तिला सांगतो, ती बाया गोळा करते, वहीत मांडते, बाजाराच्या दिवशी पैसे वाटते. माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिनं मला टोळीत ठेवलं होतं ते माझ्या कामासाठी नव्हे. माझा हात मागे पडतो. माझी ओळ राहिली की ती स्वतः किंवा शेजारची बाई मागे येऊन पुरी करते. पूर्ण रोज मात्र ती मला द्यायची. तिला कोणी विचारलं असतं की या म्हातारीला कशाला आणतेस, तर तिच्याकडे उत्तर नसतं. हे मला रोज सकाळी माहीत असायचं.

त्या रविवारी नात माझ्याबरोबर आली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोराच्या झाडाखाली गाईड घेऊन बसली. दुपारी आम्ही भाकरी सोडल्या तेव्हा बायांनी तिला म्हटलं, वाच व काही, आम्हालाही ऐकू दे. तिनं नेमकं काढलं, एक कामगार रोज आठ तासांवर जितकं जास्त काम करतो त्याचे त्याला दुप्पट दरानं पैसे मिळतात. पुढचं कोणी ऐकलंच नाही.

"दुप्पट?" एक बाई म्हणाली. "थो कामगार कोणाचा जावई होय?"

दुसरी म्हणाली, घरी जाऊन मी पुन्हा तीन तास करतो, चूल, पाणी, पोरं, त्याचे दुप्पट माझ्या बुढ्याकडून काढून दे. सगळ्या हसत होत्या. मुकादमही हसत होती. चांगली दुपार होती ती.

अडीच वाजता पाणी आलं. असं आलं की विळे टाकून सगळ्या झाडाखाली पळालो, आणि समोरचा धुरा दिसेना. वावरात चिखल झाला. पुन्हा उतरता येणार नव्हतं. मुकादमीनं पिशवीतून वही काढली, पदराखाली धरली आणि सगळ्यांचा अर्धा रोज मांडला.

आमच्याकडे रोजाचे दोनच भाग असतात. जेवणाच्या आधी पाणी आलं तर काहीच नाही. जेवणानंतर आलं तर अर्धा. मग ते जेवण झाल्या झाल्या येवो की सुटीला अर्धा तास उरला असताना येवो. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. माझ्या आईच्या वेळी तोच होता. बाया त्यावर बोलत नाहीत, पाण्याला शिव्या देतात आणि घरी जातात.

नात उठून मुकादमीपाशी गेली. तिनं बोटावर मोजलं होतं. नऊ ते अडीच साडेपाच तास, जेवणाचा अर्धा गेला, राहिले पाच. म्हणाली, "मावशी, आठ तासाचे तीनशे तं पाच तासाचे एकशे साडेसत्त्याऐंशी होते. तुम्ही दीडशे लिवले."

मुकादम आधी हसलीच. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय व बुढे, घरी मास्तरीण पाळली का? थे वरचे आठ आणे कोणत्या बाजारात चालते, थे बी इचार तिले."

बाया हसल्या. तिथं ते संपलं असतं. पण नात खरी होती आणि खऱ्या माणसाला थांबता येत नाही. ती म्हणाली, पुस्तकात असंच आहे, सरांनी शिकवलं आहे, हवं तर सगळ्यांचं मी काढून देते. एका बाईनं हळूच विचारलं, कितीचा फरक पडते म्हणते पोरगी? आणि मग कोणी हसेना. मुकादमीनं वही मिटली. आवाज न चढवता मला म्हणाली, "उद्यापासून पुस्तकातल्याच वावरात जाजो मंग. दोघीही."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. नातही पाहत होती. तिला वाटलं असेल की आता आजी बोलेल. आजी रोज घरी एवढं बोलत होती.

मी म्हटलं, "चूप बस. पुस्तकातलं खोटं हाय. पाच तासाचा अर्धाच रोज असते. साऱ्या दुनियेत असते."

पाणी थांबल्यावर आम्ही घरी आलो. चूल पेटवल्यावर तिनं विचारलं, खरंच पुस्तकातलं खोटं आहे का? मला तेव्हा सांगता आलं असतं. पुस्तकातलं पुस्तकात खरं आहे, परीक्षेत तेच लिही, मी भ्याले म्हणून तसं बोलले. तीन वाक्यं होती. पण भ्याले हे म्हणायचं माझ्या जिभेवर येईना. मी म्हणाले, तू डोळ्यानं पाहिलं ना.

ती हो म्हणाली.

मुकादमीनं दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, रोजच्यासारखंच. मी गेले.

परीक्षा जानेवारीत झाली. केंद्र आष्टीलाच होतं. सकाळी थंडी होती, तिला माझं स्वेटर घालून नेलं, बाह्या दुमडून. शाळेच्या फाटकाबाहेर गाड्या उभ्या होत्या. काही पोरांचे बाप शेवटपर्यंत त्यांना वहीतलं वाचून दाखवत होते. एका मुलीची आई तिला बदाम खाऊ घालत होती. नातीनं माझ्याकडे पाणी मागितलं, प्याली आणि आत गेली. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. त्या दोन तासांत मी काही देवाला म्हटलं नाही. मला वाटत होतं तिला येतं.

बाहेर आली तेव्हा खूश होती. आम्ही भजे घेतले. खाता खाता तिनं सांगितलं की गणित सोपं होतं, आणि मजुरीचा तर आपला पावसाच्या दिवशीचाच प्रश्न आला. आठ तासांचे तीनशे वीस, पाचाचे किती. मी विचारलं, काय केलं? ती म्हणाली, एकशे साठ. बारा बायांसारखंही एक आलं होतं, तेही तू सांगितलं तसंच केलं.

माझ्या हातात भजं होतं ते मी कागदात परत ठेवलं. तिला म्हणाले, तू खा. आणखी काय म्हणायचं होतं? पेपर देऊन झाला होता.

यादी उन्हाळ्यात आली. सरांनी मोबाइलवर पाहिली. आमच्या शाळेतून बसलेल्या चौघांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ते घरी आले सांगायला, या खेपेला खुर्चीवर बसले. कोणाला किती गुण मिळाले हे त्या यादीत नसतं. नंबर लागला किंवा नाही लागला, एवढंच. मी त्यांना सगळं सांगितलं, पावसाचं, मुकादमीचं, मी काय बोलले ते. ते म्हणाले, आजी, दोन-तीन प्रश्नांनी काही होत नसतं. मग त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही. मोबाइल खिशात घातला आणि म्हणाले, होतं तसं. एका गुणानंही राहतात मुलं. पण मला हे कळत नाही आजी, की माझ्या प्रत्येक सराव परीक्षेत हिनं हे प्रश्न बरोबर सोडवलेत. दिवाळीनंतरसुद्धा. एकही चुकवला नाही.

मला वाटलं ते मला बरं वाटावं म्हणून सांगतात. त्यांनी पिशवीतून पेपर काढून दाखवले. खरंच होतं. आठ तासांचे इतके तर सहाचे किती, तिनाचे किती, सगळीकडे तासावरून काढलेलं, लाल पेनानं बरोबरची खूण केलेलं.

नात आत धान्य निवडत होती. मी तिला बोलावलं आणि सरांसमोरच विचारलं, इथं असं लिहिलं आणि तिथं तसं, काऊन?

तिनं सरांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. म्हणाली, "सरांच्या पेपरात सरांनी शिकवलं थे लिवा लागते. पण थो सरकारचा पेपर होता. सरकारले खरं सांगा लागते ना."

सरांनी पेपर पिशवीत परत ठेवले. मी तिला म्हटलं, जा, आत जा. ती गेली. सरांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी ओट्यावरच बसले. मला आठवत होतं की परीक्षेच्या अर्जावर सरकारी शिक्का होता आणि तिनं तो मला बोट लावून दाखवला होता. दहा वर्षांच्या पोरीला वाटलं असेल, हा कागद वर्ध्याला जाईल, त्याच्याही वर कुठे जाईल, तिथं कोणीतरी वाचेल की आमच्याकडे पाच तासांचा अर्धा रोज मांडतात. कोणीतरी वाचेल असं वाटण्याएवढी ती लहान होती. तो कागद माणूस वाचत नाही. सर सांगत होते, मशीन फक्त काळा गोल बघते.

लेक जूनमध्ये आली. तिला मी कारण सांगितलं नाही. फक्त म्हणाले, नाही लागला. ती म्हणाली, आपलं कुठं लागते माय. दोन पिशव्या भरल्या, सकाळच्या एसटीनं दोघी गेल्या. तिकडे घराजवळ शाळा आहे, नाव घातलं आहे. शाळा दुपारची, म्हणून सकाळी ती दोन घरची भांडी करते. आता सातवीत आहे. मी एकदा जाऊन आले. तिच्या बोटांच्या पेरांची कातडी गेली आहे, साबणानं जाते तशी. गणिताचं पुस्तक कपाटावर होतं. पहिला नंबर येतो का असं मी विचारलं तर म्हणाली, इथं मुलं ट्युशनला जातात.

मी अजून टोळीत जाते. मुकादम बोलावते तोवर जाईन.

मागच्या महिन्यात मी फोनवर तिला सांगितलं. इतके दिवस ठेवून काय करायचं होतं ते? म्हणाले, त्या दिवशी पुस्तकातलं खरं होतं. तुझं खरं होतं. मी मुकादमीले भ्याली, म्हणून खोटं म्हणाली. मला वाटत होतं ती रडेल, किंवा रागावेल, काहीतरी करेल.

ती म्हणाली, "मले माहीत हाय, आजी. सहावीतच समजलं मले." मग म्हणाली, दुसऱ्या घरची वेळ झाली, बाई दार लावून घेते, आणि फोन तिच्या आईकडे दिला. लेकीनं विचारलं, काय म्हणत होती पोरीले? मी म्हटलं, काही नाही, जेवली का विचारलं.